कालनिर्णयवर पेन्सिलीनं

२०२०, २०२१ आणि २०२२ ची कॅलेंडरं मी अजून रद्दीत दिली नाहीत. आमच्याकडे कालनिर्णय स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूच्या खिळ्याला असतं, दुधाचा हिशोब, गॅसची तारीख, कामवाल्या ताईच्या सुट्ट्या सगळं त्याच्यावरच. पण या तीन वर्षांच्या कॅलेंडरांवर अजून एक गोष्ट आहे, पेन्सिलीनं केलेले गोल आणि ते खोडल्याच्या खुणा. काही चौकोनांत तर खोडरबर इतक्यांदा फिरलंय की कागद पातळ झालाय, उजेडात धरला की मागच्या पानावरची रेसिपी दिसते.

हे सगळे गोल अंदमानचे आहेत. मी आणि माझा मोठा भाऊ, आम्हाला स्कूबा डायव्हिंगचा कोर्स करायचा होता.

सुरुवात मालवणला झाली. २०१९ च्या डिसेंबरमध्ये दोन्ही घरची मंडळी तारकर्लीला गेलो होतो, सिंधुदुर्ग किल्ला बघितला, आणि मग तिथे करतात तसं ट्रेनरच्या हाताला धरून वीसेक मिनिटं पाण्याखाली. मी नागपूरच्या अंबाझरी रोडवरच्या टँकवर पोहायला शिकलेली, त्या हिरवट क्लोरीनच्या पाण्याची सवय असलेली. समुद्राखाली मी पहिल्यांदा श्वास घेतला तेव्हा मला स्वतःचाच श्वास ऐकू आला, आत ओढताना सुंss आणि सोडताना बुडबुड, आणि मला आठवत नाही त्याच्याआधी कधी मी माझा श्वास असा ऐकला होता. वर आल्यावर दादा काही बोललाच नाही. संध्याकाळी बीचवर पोरं खेळत होती तेव्हा एकदम म्हणाला, "आपण हे नीट शिकू." बस, ठरलं.

नीट शिकायचं म्हणजे ओपन वॉटर कोर्स. थिअरी, उथळ पाण्यातला सराव, मग समुद्रात चार डाइव्ह, जास्तीत जास्त १८ मीटरपर्यंत. २०० मीटर पोहता आलं पाहिजे आणि १० मिनिटं तरंगता आलं पाहिजे. आम्ही अंदमानातलं हॅवलॉक बेट ठरवलं, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. तिथला एक छोटा डाइव्ह सेंटरवाला फोनवर इतकं शांतपणे सगळं समजावून सांगत होता की दुसरीकडे चौकशीच केली नाही.

तारखा मी कालनिर्णयवरून काढल्या. आईला वाटलं मुहूर्त बघून राहिली. मी तिथी बघत होते. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती असते, पाणी जास्त चढतं-उतरतं, प्रवाहाला जोर असतो आणि गाळ ढवळला जातो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी त्या मानानं निवांत. मालवणच्या होडीवाल्या काकांनी हे सांगितलं होतं आणि माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं. नागपूरच्या स्वयंपाकघरात उभं राहून अंदमानच्या समुद्रात पाणी कधी शांत असेल ते कळतं याची मला तेव्हा फार गंमत वाटली, आणि अजूनही वाटते. तर २०२० च्या एप्रिलची पौर्णिमा ८ ला, म्हणजे वद्य अष्टमी त्याच्या पुढच्या आठवड्यात, आणि १४ एप्रिलची सुट्टी. १३ ते १८ एप्रिल. पहिला गोल.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. ११ मार्चला नागपुरात पहिला पेशंट सापडला, २२ ला जनता कर्फ्यू, २५ पासून सगळं बंद. १४ एप्रिलला, ज्या दिवशी आम्ही हॅवलॉकला पहिल्यांदा पाण्यात उतरणार होतो, त्या दिवशी सकाळी टीव्हीवर लॉकडाऊन ३ मेपर्यंत वाढल्याचं ऐकलं. मी टबात भांडी बुडवून ठेवली होती आणि हात तसेच साबणाचे घेऊन कॅलेंडरपाशी गेले, गोल खोडला. विमान कंपनीनं पैसे परत न देता क्रेडिट शेलमध्ये टाकले, म्हणजे त्याच कंपनीच्या पुढच्या तिकिटासाठी जमा ठेवले. त्याच्यावरून मी दोन महिने ईमेलवर भांडले, मग सोडून दिलं. ज्यांचे पगार गेले त्यांच्यापुढे माझं हे दुःख काय होतं.

पण थिअरी राहिली होती आणि ती ऑनलाइन होती. दादा राहतो मनीषनगरला आणि आम्ही त्रिमूर्तीनगरला, मध्ये दहा-बारा मिनिटांचा रस्ता, तरी त्या एप्रिल-मेमध्ये भेटता येत नव्हतं. मग दर रविवारी रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल. इकडे माझ्या मागे कूलर ढणाणा चाललेला, तिकडे त्याच्या. दादा मेकॅनिकल इंजिनिअर, त्याला शिकवायला आवडतं. एका रविवारी त्यानं सुई नसलेली इंजेक्शनची सिरिंज घेतली, दट्ट्या अर्ध्यावर ओढला, पुढचं तोंड अंगठ्यानं दाबलं आणि कॅमेऱ्यासमोर दट्ट्या आत ढकलायला लागला. "हे बघ, हे तुझं फुफ्फुस. पाण्यात दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. १० मीटरवर दाब दुप्पट, हवा निम्म्या जागेत." मग त्यानं हात काढला आणि दट्ट्या सटकन बाहेर आला. "आणि हे वर येताना. खाली भरून घेतलेला श्वास रोखून वर आलीस तर आतली हवा फुगते, तिला जायला जागा नसते. म्हणून श्वास कधीच रोखायचा नाही. कधीच नाही." माझी मुलगी शेजारी बसून ऐकत होती, तिनं दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीला फोनवर हे सगळं जसंच्या तसं सांगितलं.

त्या रविवारांनी आम्हाला सांभाळलं असं मी म्हणेन. ट्रिप होईल न होईल, पण सोमवारी काय वाचायचंय, शनिवारी कोणता चाप्टर संपवायचाय हे ठरलेलं असायचं. टाटपट्टी काढून गच्चीवर मास्क-स्नॉर्कल लावून बसणं, बादलीत तोंड घालून मास्कमध्ये पाणी घ्यायचं आणि नाकानं फुंकून काढायचं, हे सगळं मी केलंय. आजूबाजूच्या गच्च्यांवरून लोक बघायचे. बघू देत.

याच काळात कोणीतरी मालदीव सुचवलं. मालदीवनं १५ जुलै २०२० ला पर्यटकांसाठी दार उघडलं होतं, सेलिब्रिटींचे फोटो येऊन राहिले होते. आमच्या बजेटमध्ये ते बसत नव्हतं हे एक, आणि दुसरं म्हणजे देशाबाहेर अडकून पडलो तर काय, घरी आई-बाबा सत्तरीच्या पुढचे. देशातल्या देशातही काही सोपं नव्हतं म्हणा. पोर्ट ब्लेअरला जायचं तर नागपूरहून कोलकाता किंवा चेन्नईमार्गे, आणि ६ जुलैपासून ज्या सहा शहरांची विमानं कोलकात्यात उतरू देणं बंद केलं होतं त्यात आपलं नागपूर होतं. दिल्ली, मुंबई, पुणे, चेन्नई, अहमदाबाद आणि नागपूर. सप्टेंबरपासून आठवड्यातून तीन दिवस सुरू झालं.

दुसऱ्या गोलाची गोष्ट अशी की १ ऑक्टोबर २०२० ला सुप्रीम कोर्टानं तिकिटांच्या परताव्याबद्दल निकाल दिला आणि त्यात क्रेडिट शेल वापरायची मुदत ३१ मार्च २०२१ पर्यंत होती. म्हणजे आमच्याकडे एक तारीख आली जिच्याआधी जायचं. मी परत कालनिर्णय घेऊन बसले. होळी २८ मार्चला, म्हणजे शुद्ध अष्टमी २१-२२ च्या आसपास. १९ ते २४ मार्च.

या वेळचं प्लॅनिंग मी आयुष्यात केलेलं सगळ्यात बारीक प्लॅनिंग असेल, आणि ते सगळं उलट्या बाजूनं करावं लागतं. परतीचं विमान कधी? एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तास विमानात बसायचं नाही, कारण दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायचा असतो आणि उंचावर कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणजे शेवटचा दिवस कोरडा. त्याच्याआधी हॅवलॉकहून पोर्ट ब्लेअरची बोट. त्याच्याआधी कोर्सचे दिवस. त्याच्याआधी जायची बोट, विमान, आणि या सगळ्याच्या आधी आरटीपीसीआर, जो ४८ तासांच्या आतला हवा. आणि नागपुरात गर्दी असली की रिपोर्टलाच चोवीस ते छत्तीस तास लागत होते. स्वॅब लवकर दिला तर मुदत संपते, उशिरा दिला तर रिपोर्ट हातात येत नाही. मी एका कागदावर तासांचे डबे काढले होते. मधली फट फक्त सात तासांची निघाली. त्या सात तासांवर पाच जणांची सुट्टी आणि सव्वा वर्षाची इच्छा लटकलेली.

आणि फेब्रुवारीत अमरावतीचे आकडे वाढले. मग आपले. नागपूर शहरात १५ ते २१ मार्च कडक लॉकडाऊन लागला. विमानतळावर जायला बंदी नव्हती, तिकीट दाखवून जाता आलं असतं, आणि वहिनीचं म्हणणं होतं की इतकं केलंय तर जाऊन या. खरं सांगते, मलाही जायचं होतं. दादानं नाही म्हटलं. त्यानं मला एक जुनी बातमी पाठवली, ऑगस्ट २०२० ची, ग्रेट अंदमानी जमातीतल्या १० जणांना कोविड झाल्याची. पूर्ण जमातच पन्नास-साठ माणसांची. खाली एवढंच लिहिलं होतं, "आपल्या शहरातून आत्ता निघणं बरोबर नाही." रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी स्वॅब दिल्यानंतर रांगेत, विमानात, बोटीत काय लागेल कोण सांगणार. बेटावरच्या डाइव्ह सेंटरवाल्याला मी फोन केला तेव्हा मला फार वाईट वाटत होतं, कारण वर्षभर त्याचा धंदा बंद, पोरं गावी गेलेली, कॉम्प्रेसर नुसता पडू नये म्हणून अधूनमधून चालू करतो म्हणाला होता. तो म्हणाला, "मॅडम, डिपॉझिट तसंच राहू द्या, समुद्र कुठे जात नाही." आम्ही राहू दिलं. क्रेडिट शेल गेलं.

गोल खोडला. त्याच्या बरोबर चार आठवड्यांनी, १६ एप्रिलला, दादाला ताप आला.

हे लिहायला मला तीन वेळा थांबावं लागलं. नागपुरात तो एप्रिल ज्यांनी पाहिला त्यांना मी काय सांगू. रात्रभर सायरन. ऑक्सिमीटर ९४, मग ९२, मग ९०. सतरा ठिकाणी फोन केले, बेड नाही. डॉक्टर फोनवर होते, ते म्हणाले घरीच ऑक्सिजन सुरू करा, मिनिटाला ४ लिटर, पालथं झोपवा, आणि बेड शोधत राहा. २३ एप्रिलला रात्री विशाखापट्टणमहून निघालेली ऑक्सिजन एक्स्प्रेस नागपूरला आली, सात टँकर होते, तीन इथे उतरवले आणि चार नाशिकला गेले. आम्ही टीव्हीवर ती गाडी बघून रडलो. पण टँकर येणं आणि घरातल्या सिलिंडरमध्ये भरून मिळणं यात बरंच अंतर असतं. माझ्या मिस्टरांच्या ऑफिसमधल्या एकानं कुठून तरी एक जंबो सिलिंडर मिळवून दिलं. दोघांनी मिळून गाडीतून उतरवलं, पाइप, फ्लोमीटर, पाण्याची बाटली जोडली, पाना फिरवला आणि गेजचा काटा उठला. १०० वर थांबला. पूर्ण भरलेलं नव्हतं.

वहिनीनं विचारलं, "किती वेळ पुरेल?" सिलिंडर आणून देणाऱ्याला माहीत नव्हतं. दादा पालथा पडलेला, तोंडावर मास्क. आणि मला उत्तर येत होतं. बाटलीचं आकारमान गुणिले दाब, भागिले मिनिटाचा खर्च, हे मी रविवारी रात्री दादाकडून शिकले होते, समुद्रासाठी. ४७ लिटरची बाटली, दाब १०० बार, म्हणजे ४७०० लिटर. मिनिटाला ४. साडेएकोणीस तास. आणि डायव्हरला शिकवतात की सिलिंडर शून्यावर आणायचं नसतं, ५० बार उरले की तू वर असली पाहिजेस. म्हणजे आपल्याकडे साडेएकोणीस तास नाहीतच, पावणेदहा तास आहेत, तेवढ्यात दुसरं सिलिंडर दारात पाहिजे. मी हे बोलून दाखवलं आणि मनीषनगरच्या त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेन्सिलीनं लिहिलं, रात्री १०.४० ला काटा १००, सकाळी ८.२५ ला ५०. सकाळी सव्वाआठला मी जाऊन बघितलं. काटा ५२ वर होता. मिस्टर पहाटे चारपासून हिंगण्याच्या एमआयडीसीत रिकामं सिलिंडर घेऊन रांगेत उभे होते.

असं सहा दिवस. सहा दिवस मी त्या काट्याकडे बघितलं. मास्कमधून दादाचा श्वास ऐकू यायचा, आणि बाटलीतल्या पाण्यातून बुडबुडे, मालवणला ऐकला होता तसाच आवाज.

दादा वाचला. आमच्या गल्लीतले तिघं गेले.

त्या वर्षी पुढे मी अंदमानचं नावही काढलं नाही. तौक्ते वादळ मे महिन्यात मालवणला झोडपून गेलं तेव्हा तिथल्या होडीवाल्या काकांना फोन केला, होडीचं नुकसान झालं होतं, माणसं ठीक होती. ऑगस्टमध्ये राखीला दादाच्या घरी गेले तर त्यानं ओवाळणीच्या पाकिटात पैशांबरोबर एक कागद ठेवला होता. कोर्सचा मेडिकल फॉर्म, त्याच्या अक्षरात भरलेला, आणि फुफ्फुसाच्या आजाराच्या प्रश्नासमोर "होय". "होय लिहिलं की डॉक्टरची सही लागते," तो म्हणाला, "मी खोटं लिहिणार नाही. डॉक्टर म्हणाले तर जाऊ, नाही म्हणाले तर तू जा."

मला त्याच्या या वागण्याचं फार मोल वाटतं. तो फॉर्म बऱ्याच लोकांकडून डोळे झाकून "नाही, नाही, नाही" असा भरला जातो. पण कोविडनंतर फुफ्फुसात कुठे व्रण राहिला असेल आणि त्याच्यामागे हवा अडकली तर वर येताना त्या सिरिंजच्या दट्ट्यासारखंच होणार, श्वास रोखला नसला तरी. डायव्हिंग मेडिसिनवाल्यांचा सल्लाही हाच होता की थांबा, तपासून घ्या, मग पाण्यात जा. आमच्या छातीच्या डॉक्टरांनी आधी तर विचारलंच की हे कशाला पाहिजे. दादानं शांतपणे कारण सांगितलं, काय सांगितलं ते मला माहीत नाही, मी बाहेर बसले होते. आजारापासून सहा महिने जाऊ द्या म्हणाले. नोव्हेंबरमध्ये फुफ्फुसांची पीएफटी, हृदयाची टीएमटी, परत सीटी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सही मिळाली.

तोपर्यंत ओमिक्रॉन आला होता. २२ ते २७ जानेवारीचा गोल, वद्य अष्टमी आणि २६ जानेवारीची सुट्टी धरून केलेला, दहा-बारा दिवसच टिकला. या वेळी मी तो खोडला तेव्हा काही वाटलं नाही. चिडचिड नाही, काही नाही. पान उलटलं आणि मार्च बघितला. पौर्णिमा १८ ला. मग २३ ते २८.

आणि २३ मार्च २०२२ ला आम्ही खरंच गेलो. फक्त मी आणि दादा, चेन्नईमार्गे.

बेटावरचा तो डाइव्ह सेंटरवाला जेटीवर घ्यायला आला होता, फोनवरच्या आवाजावरून मला वाटला त्यापेक्षा बराच तरुण निघाला. त्यानं दोन वर्षांपूर्वीच्या वहीत आमचं नाव दाखवलं. सेंटरवर रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायची यंत्रं, जंतुनाशकाच्या टबात बुडवलेले, ज्याचा त्याचा वेगळा, नाव लिहून. पूर्वी मास्कच्या काचेवर धुकं येऊ नये म्हणून डायव्हर सरळ थुंकी लावायचे, ते बंद करून बेबी शाम्पूची बाटली ठेवली होती. त्या वासानं मला माझी मुलगी लहान असतानाची आठवण येत राहिली.

दुसऱ्या दिवशी नेमो रीफला समुद्रातली पहिली डाइव्ह. खाली जाताना नाक दाबून कानात हलकं फुंकायचं, दाब सारखा करायला. माझे कान सुटत होते. सहा मीटरवर दादा थांबला, कानाकडे बोट दाखवलं, हाताचा पंजा हलवला. थोडं वर घेतलं, परत प्रयत्न केला. परत. मग त्यानं अंगठा वर केला. जमिनीवर त्याचा अर्थ छान चाललंय, पाण्याखाली त्याचा अर्थ एकच, वर चला. आणि नियम असा आहे की कोणीही, कधीही, कुठल्याही कारणासाठी अंगठा दाखवला की डाइव्ह संपली, प्रश्न विचारायचे नाहीत. दोन वर्षं, चार गोल, सहा मीटर. मी पण अंगठा दाखवला आणि आम्ही सावकाश वर आलो. पाण्यावर तरंगत त्यानं नाक शिंकरलं, थोडं रक्त होतं. "उद्या," तो म्हणाला. मी म्हटलं, "हो, उद्या."

उद्या कान सुटला. बारा मीटरवर गेलो. प्रवाळावर एक मोठा पोपट मासा चोचीनं खात होता आणि त्याचा कर्र कर्र आवाज पाण्यातून स्पष्ट येत होता, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वर बघितलं तर उजेड हलत होता. दादा माझ्या डाव्या हाताला, हात छातीशी बांधलेले, एकदम स्थिर. मी त्याला हाक मारल्यासारखं केलं आणि विचारलं, हवा किती. पाण्यात ते विचारायला डाव्या तळहातावर उजव्या हाताची दोन बोटं टेकवायची. त्यानं गेज बघून बोटांनी सांगितलं, १४०. थोड्या वेळानं परत विचारलं, १२०. मग परत. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप असतो, तिथे दोरीला धरून लटकलो होतो तेव्हाही विचारलं. ८०.

बोटीवर आल्यावर इन्स्ट्रक्टरनं टॉवेल दिला आणि हसून म्हणाला, "मॅडम, डाइव्ह छान झाली, पण हवा इतक्यांदा नाही विचारायची. दर दोन मिनिटाला विचारत होता तुम्ही. बडीला त्रास होतो."

दादा फिन काढत होता. मान वर न करता म्हणाला, "विचारू द्या तिला."